पहिले चार सामने

गणपति आपल्या गांवीं गेले, पितृपंधरवडाहि उलटूं लागला आणि वीरा देसाई रस्त्यावरच्या खड्ड्यांतलें पाणी आटलें म्हणजे अंधेरीच्या पश्चिम भागांत एक निराळाच ऋतु सुरू होतो. त्याची नोंद कोणत्याहि पंचांगांत सांपडावयाची नाहीं. घाटकोपरहून सुटणार्‍या मेट्रोंत निळे सदरे दिसूं लागतात. मुलुंडकडचीं मुलें घाटकोपरास गाडी बदलतात, बोरिवलीकडचीं पश्चिम रेल्वेनें किंवा नव्या मेट्रोनें येतात, आणि आझादनगरच्या स्थानकापासून शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलापर्यंतच्या थोडक्या वाटेंत जो तो एकच विषय चघळीत चाललेला असतो: यंदा आपली आघाडीची फळी कशी आहे हो? मुंबई सिटी नांवाच्या धंदेवाईक फुटबॉल संघाचा हंगाम सुरू झालेला असतो.

‘धंदेवाईक’ हा शब्द कांहीं वडीलधार्‍या श्रोत्यांच्या कानाला खटकेल. खेळ तो खेळ, त्यांत धंदा कसला, असें मानणार्‍या शिक्षकांच्या हाताखालींच आम्ही शिकलों. पण पगार घेऊन मन लावून काम करणें यांत उणेपणा काय आहे? मास्तरहि पगार घेतोच, आणि मुलगा नापास झाला म्हणजे बोलणींहि तोच खातो. या संघाचें टोपणनांव ‘आयलंडर्स’, म्हणजे बेटावरचे लोक, असें आहे. मुंबईच्या मूळ बेटांवर मात्र त्याचें घर कधींच नव्हतें. पहिलीं दोन वर्षें तो नेरुळास खेळला आणि २०१६ पासून अंधेरीस आला. अंधेरी साष्टीवर आहे, आणि साष्टी हेंहि बेटच असल्यामुळें टोपणनांव कसेंबसें निभावून जातें.

मला या मैदानाची वाट माझ्या नातवानें दाखविली. पश्चिमेकडच्या बाजूस ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नांवाचे कट्टर पाठीराखे ढोल बडवीत, नव्वदहि मिनिटें उभे राहून गात असतात. त्यांचा उत्साह पाहून बरें वाटतें, पण मी वयोमानाप्रमाणें त्यांच्यापासून अंमळ दूर बसतों. आमच्या ओळींत दोघे नेहमींचे सोबती आहेत. एक माझा जुना विद्यार्थी. तो मुलुंडास राहतो, बँकेंत नोकरी करतो आणि प्रत्येक सामन्याचे आंकडे एका वहींत टिपून ठेवतो. दुसरे अंबोलीचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ. हे तरुणपणीं एका कचेरीच्या संघाकडून कूपरेजच्या मैदानावर खेळलेले आहेत. ते फारसें बोलत नाहींत; पण जें बोलतात तें सामना संपल्यावर घरीं जातांना आठवतें.

आतां, हंगामाच्या आरंभीं प्रेक्षक जें बोलतात त्याची थोडी छाननी करावी एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. पहिले चार सामने झाले कीं आमची मंडळी निकाल देऊन मोकळी होते. चारांत दोन जिंकले तर चषक आपलाच. दोन हरले तर शिक्षकाला घरीं पाठवा, सेंटर फॉरवर्डाला विमानांत बसवा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हाच प्रकार. शाळेंत जूनच्या चाचणी परीक्षेवरून जर आम्ही मार्चचा निकाल लिहून ठेवला असता तर पालकांनीं आमची काय गत केली असती?

माझ्या विद्यार्थ्याच्या वहींतून तीन हंगाम काढून आपणांपुढें ठेवतों. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा जन्मास आली आणि तिचा अगदीं पहिला सामना १२ ऑक्टोबर रोजीं कोलकात्यास सॉल्ट लेकच्या मैदानावर झाला. त्यांत आपला संघ तीन गोलांनीं हरला. आपल्याला एकहि करतां आला नाहीं. लोक म्हणाले, आटोपलें! सहाच दिवसांनीं नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर पुण्याच्या संघाविरुद्ध आपले पांच गोल झाले. त्यांतले तीन आंद्रे मोरित्झ या ब्राझीलच्या खेळाडूचे, आणि एकाच खेळाडूनें एका सामन्यांत तीन गोल करण्याची ती त्या स्पर्धेंतली पहिलीच वेळ. लोक म्हणाले, चषक आपलाच! हंगाम संपला तेव्हां आठ संघांत आपण सातवे होतों, आणि चौदा सामन्यांत मिळून आपल्या नांवावर गोल होते १२. म्हणजे त्या एका शनिवारचे पांच वजा केले तर उरलेल्या तेरा सामन्यांत सात!

दुसरा हंगाम २०२०–२१ चा. करोनाच्या सांथीमुळें सगळी स्पर्धा गोव्यांत आणि प्रेक्षकांवांचून झाली. आम्ही आपले घरोघरीं दूरचित्रवाणीपुढें बसलेले. सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश शिक्षक नवे, खेळाडूहि बहुतेक नवे. पहिल्याच सामन्यांत अहमद जाहू या मोरोक्कोच्या हाफबॅकाला मध्यंतरापूर्वीं तांबडें पत्र मिळून बाहेर जावें लागलें आणि नॉर्थईस्ट युनायटेडनें आपल्याला एका गोलानें हरविलें. त्या रात्रीं झालेली टीका छापण्यासारखी नाहीं. त्याच संघानें २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं साखळीची ढाल जिंकली आणि १३ मार्च रोजीं मोहन बागानच्या संघाला २–१ असें हरवून चषकहि जिंकला. शेवटचा गोल बिपिन सिंगनें अगदीं नव्वदाव्या मिनिटाच्या तोंडाशीं केला. आमच्या चाळींत त्या वेळीं जो आरडाओरडा झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कोणाला करोना झाला म्हणून विचारीत वर आल्या.

तिसरा त्याच्याच पाठचा, २०२१–२२ चा. पहिल्या सहा सामन्यांपैकीं पांच जिंकले, मोहन बागानला तर ५–१ असें धुतलें. माझ्या विद्यार्थ्यानें वहींत तांबड्या शाईनें ‘अजिंक्य’ असें लिहून ठेवलें होतें. आणि शेवटीं? पांचवा क्रमांक. पहिल्या चौघांनाच पुढें जागा, त्यामुळें हंगाम तेथेंच संपला.

यावर कोणी म्हणेल कीं मग आरंभींच्या सामन्यांना कांहीं अर्थच नाहीं, कशाला पाहावे? तेंहि खरें नव्हे. अर्थ आहे, पण तो गोलफलकावर लिहिलेला नसतो. गोल हें पिकाचें कणीस आहे. कणीस मोजून पीक किती आलें तें कळेल; पुढच्या पेर्‍याला जमीन कशी आहे तें कळणार नाहीं. तें पाहण्यासाठीं थोडें वांकून माती हातांत घ्यावी लागते.

फुटबॉलांतली माती म्हणजे मधली फळी. आपले लोक आघाडीची चर्चा करतात ती फक्त शेवटच्या माणसाची करतात: यानें मारला, त्यानें हुकविला. परंतु गोल घडतो तो तीन पायर्‍या मागें. हें मला स्पष्ट दिसलें २०२२–२३ च्या हंगामांत. त्या वेळीं डेस बकिंगहॅम हे इंग्रज गृहस्थ संघाचे शिक्षक होते. त्या वर्षींचा आरंभहि पाहा: हैदराबादशीं ३–३, ओडिशावर २–०, जमशेदपूरशीं १–१. तीनांत दोन बरोबर्‍या. आमच्या ओळींत कुरकुर सुरू झाली होतीच. पण अंबोलीचे गृहस्थ शांतपणें म्हणाले, “मास्तर, गोल राहूं द्या. चेंडू कुठनं येतो तें बघा.”

मग मी पाहूं लागलों. जाहू आपल्या दोन मधल्या बॅकांच्या किंचित् पुढें उभा असे. तो फारसा धांवत नसे. पाहणाराला वाटावें, हा मनुष्य बागेंत फिरावयास आला आहे. चेंडू पायाशीं आला कीं तो मान वर करी, आणि दुसर्‍याच क्षणीं तो चेंडू मैदानाच्या पलीकडच्या कडेला, उजव्या रेषेला चिकटून उभ्या असलेल्या लालियानझुआला छांगटेच्या पुढ्यांत जाऊन पडे. छांगटे हा मिझोरामचा मुलगा, पायानें डावरा. डावर्‍या माणसाला उजव्या कडेला कां ठेवावें, हा प्रश्न माझ्या नातवानें मला विचारला होता आणि त्याचें उत्तरहि त्यानेंच दिलें: “आजोबा, तो आंत वळला कीं त्याचा चांगला पाय गोलासमोर येतो ना!” म्हणजे त्याच्यासमोरच्या बॅकाला दुहेरी संकट. बाहेरची वाट अडवावी तर हा आंत शिरतो. आंतली अडवावी तर बाहेरून पळतो. तोंवर ग्रेग स्टुअर्ट हा स्कॉटिश खेळाडू मधल्या मोकळ्या जागेंत येऊन थांबलेला. होर्हे पेरेरा दियाझ हा अर्जेंटिनाचा सेंटर फॉरवर्ड प्रतिपक्षाच्या दोन बॅकांना आपल्यामागें ओढून नेत असे, आणि डावीकडून बिपिन सिंग त्या रिकाम्या झालेल्या जागेंत घुसे. ही सगळी दोरी एका जागीं ओढली कीं दुसर्‍या टोकाला घंटा वाजे.

ती किती वेळां वाजली? वीस साखळी सामन्यांत ५४ वेळां. चेन्नईस दोन गोलांनीं मागें पडून आपण ६–२ असे जिंकलों. ८ जानेवारी २०२३ रोजीं अंधेरीस केरळ ब्लास्टर्सवर जे चार गोल झाले ते सगळे पहिल्या बावीस मिनिटांत. माझ्या पुढच्या ओळींतले एक कुटुंब वाहतुकींत अडकून उशिरां आलें, त्यांना पुढचा सगळा वेळ एकहि गोल पाहावयास मिळाला नाहीं. फेब्रुवारींत गोव्याला ५–३ असें हरवून दोन सामने शिल्लक असतांनाच ढाल हातीं आली. चषकाच्या उपांत्य फेरींत मात्र बंगलोरनें पेनल्टीवर बाहेर काढलें. असो; खेळांत हें चालायचेंच.

यापुढची कथा दुःखाची आहे आणि ती मी लवकर आटोपतों. २०२३ साली जाहू ओडिशास गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बकिंगहॅमसाहेबांना त्यांच्या जन्मगांवच्या, ऑक्सफर्डच्या, संघाचें बोलावणें आलें; आपल्या गांवच्या हाकेला मनुष्य नाहीं कसें म्हणेल? पुढें जानेवारींत, हंगामाच्या मध्यावरच, स्टुअर्टहि गेला. तरी नवे शिक्षक पेत्र क्रात्की यांनीं होतें तें सांवरून धरलें. एप्रिल २०२४ मध्यें शेवटच्या साखळी सामन्यांत मोहन बागानकडून १–२ अशी हार होऊन ढाल एका गुणानें गेली. पण तीन आठवडे उलटण्याच्या आंतच, ४ मे रोजीं, त्याच सॉल्ट लेकच्या मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याला ३–१ असें हरवून आपण चषक घेऊन आलों. त्या दिवशींचा कर्णधार राहुल भेके हा मुंबईंत जन्मलेला. चषक उंचावणारा हात आपल्या शहरांतला आहे याचें आमच्या ओळीला किती कौतुक वाटलें म्हणून सांगूं!

त्या उन्हाळ्यांत भेके बंगलोरास गेला. दियाझ बंगलोरास गेला. नोगेरा बंगलोरास गेला. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला, आणि स्टुअर्टहि परत हिंदुस्थानांत आला तो तिकडेच. करार संपतात, दुसरा कोणी अधिक देतो, मनुष्य जातो. धंदेवाईक खेळाचा हा नियमच आहे आणि त्याबद्दल खेळाडूला नांवें ठेवणें मला रास्त वाटत नाहीं. पण ज्या शहरांत तो चार संध्याकाळीं सुखाच्या देऊन गेला तेथल्या माणसांना कांहींच वाटूं नये हेंहि बरें नव्हे. माझ्या नातवाच्या पाठीवर दियाझचें नांव छापलेला सदरा होता. त्यानें तो टाकला नाहीं. फक्त मैदानावर घालणें सोडलें.

आतां येतात २०२४ चे पहिले चार सामने, आणि माझा मुद्दाहि येथेंच आहे. १३ सप्टेंबर रोजीं कोलकात्यास आरंभ झाला. अर्ध्या तासांत आपण दोन गोलांनीं मागें, आणि शेवटीं २–२. मागें पडून बरोबरी साधली म्हणून माझा विद्यार्थी खूष. “सर, संघांत जिद्द आहे!” अंबोलीच्या गृहस्थांनीं विचारलें, “गोल कोणी केले?” एक तिरीनें, एक थाएर क्रूमानें. तिरी स्पेनचा, क्रूमा सिरियाचा. आणि दोघेहि बचावफळींतले! “मग आघाडी कुठें होती?” एवढेंच ते बोलले. दुसरा सामना जमशेदपूरला, २–३ अशी हार. तिसरा २ ऑक्टोबरला आपल्या घरीं, बंगलोरविरुद्ध. ज्यांच्यासाठीं दोन वर्षें घसा कोरडा केला ते आतां समोरच्या सदर्‍यांत. निकाल ०–०. चौथ्या सामन्यांत गोव्यास जाऊन २–१ असा पहिला विजय मिळाला.

लोकांचा राग सगळा निकोलाओस कारेलिस या ग्रीक सेंटर फॉरवर्डावर. दियाझच्या जागीं हा आला, म्हणून दियाझची सगळी उणीव त्याच्या खात्यावर. मला हा अन्याय वाटला आणि अजूनहि वाटतो. हंगामाच्या अखेरीस संघांत सर्वांत जास्त गोल त्याचेच होते! तो उभा होता दोरीच्या त्या टोकाला जेथें घंटा असते. दोरी ओढणारे हात निघून गेले होते. योएल व्हॅन नीफ हा डच हाफबॅक चांगला होता, त्याचा पाय गोड होता, परंतु एका माणसानें तिघांचें काम करावें तरी कसें? छांगटेला चेंडू मिळे तो उशिरां. तोंवर त्याच्या अंगावर एकाच्या जागीं दोन बॅक येऊन उभे राहिलेले असत.

नोव्हेंबरच्या आरंभीं केरळवर ४–२ असा विजय झाला तेव्हां पुन्हां माझ्या विद्यार्थ्याची वही उघडली. “बघा सर, चार!” चारांतले दोन पेनल्टीचे होते. पेनल्टीचा गोल गोलच असतो, त्याला कोणी अर्धा गुण देत नाहीं; पण आघाडीची परीक्षा घ्यायची तर ते बाजूला काढून मोजावे लागतात. अंबोलीच्या गृहस्थांनीं दोन बोटें वर केलीं आणि छत्री घेऊन ते निघाले.

शेवटीं वहींत आंकडे असे उतरले. २०२२–२३: वीस सामने, ५४ गोल. २०२३–२४: बावीस सामने, ४२ गोल. २०२४–२५: चोवीस सामने, २९ गोल. सामन्यागणिक हिशेब केला तर २.७ वरून १.९, आणि तेथून १.२. सामने वाढत गेले, गोल आटत गेले. सहाव्या जागेवर राहून कसाबसा पुढच्या फेरींत प्रवेश मिळाला आणि २९ मार्च २०२५ रोजीं बंगलोरास ०–५ अशी हार झाली. पांचवा गोल दियाझचा. त्याच वर्षीं मोहन बागाननें ढाल आणि चषक दोन्ही घेतलीं; त्या संघांत अपुइया होता आणि स्टुअर्टहि होता. ०–५ चा धक्का आमच्या ओळींत पुष्कळांना बसला. ज्यांनीं आरंभींचे सामने गोलांकडे न पाहतां पाहिले होते त्यांना दुःख झालें, आश्चर्य वाटलें नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आघाडीच्या चर्चेंत ती सहसा कोणी बोलत नाहीं. २०२१ पासून या स्पर्धेंत कोणत्याहि संघाला एका वेळीं चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवितां येऊं लागले. आतां हे चार कोठें लावावे? बहुतेक संघ त्यांतला एक तरी सेंटर फॉरवर्डाच्या जागीं लावतात, कारण गोल करणारा तयार मिळतो तो बाहेर. परिणाम असा कीं आपल्या मुलांना ती जागाच शिकावयास मिळत नाहीं. ते कडेला खेळतात, मागें खेळतात. मधोमध गोलासमोर उभें राहून दोन धिप्पाड बॅकांशीं झुंजण्याची संवय त्यांना लागायची कोठें? सुनील छेत्री हा २०१५ आणि २०१६ साली आपल्याच संघांत होता. २०२४–२५ च्या हंगामांत, वयाच्या चाळिशींत, बंगलोरकडून त्यानें चौदा गोल केले. त्याचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण चाळीस वर्षांच्या माणसाच्या मागें कोणी उभा दिसत नाहीं हें पाहून माझ्यासारख्या शिक्षकाच्या पोटांत गोळा येतो. वर्गांत एकच मुलगा वर्षानुवर्षें पहिला येत असेल तर तो हुशार आहे हें ठीक; पण वर्गाचें काय?

आणि पोटांत गोळा येण्याचें दुसरेंहि कारण आहे. या शहरांत फुटबॉल जुना आहे; रोव्हर्स कपाची स्पर्धा येथें १८९१ साली सुरू झाली, आणि ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५–०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, आणि २०१० साली मोडला. मुंबई एफ्. सी. नांवाचा संघ दहा वर्षें टिकला आणि २०१७ साली मिटला. अंबोलीच्या गृहस्थांनीं एकेका संघाला असें जातांना पाहिलें आहे. सामन्याच्या वेळीं ते शांत कां असतात, याचें कारण मला फार उशिरां उमगलें. संघ हरला तर पुढच्या आठवड्यांत पुन्हां खेळतो; मोडला म्हणजे खेळत नाहीं.

२०२५ च्या जुलैंत बातमी आली कीं स्पर्धा चालविणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यांतला करार संपत आला असून नव्याचें जमत नसल्यामुळें पुढचा हंगाम थांबविला आहे. गणपति आले, गेले. खड्डे सुकले. आझादनगरच्या वाटेवर निळे सदरे दिसले नाहींत. डिसेंबरांत संघाचा मोठा हिस्सा २०१९ पासून ज्यांच्या हातीं होता तो सिटी फुटबॉल ग्रुपहि बाहेर पडला. सप्टेंबरांत सुरू व्हावयाचा हंगाम दुसर्‍या वर्षाच्या फेब्रुवारींत, तोहि अर्ध्यामुर्ध्या सामन्यांचा, असा उजाडला. त्या रिकाम्या सप्टेंबरांत एका रविवारीं आम्ही चौघे संवयीनें इराण्याकडे चहाला जमलों. माझ्या विद्यार्थ्यानें वही आणली होती. तिचें नवें पान कोरें. बराच वेळ आम्ही, छांगटेला उजवीकडे ठेवावें कीं मध्यें आणावें, याच्यावर हमरीतुमरीनें वाद घातला. खेळ नाहीं, संघ जमलेला नाहीं, आणि वाद मात्र सुरू! शेवटीं नातू म्हणाला, “आजोबा, यंदा शिव्या द्यायलासुद्धां कोणी नाहीं.” चहा गार झाला होता. अंबोलीचे गृहस्थ हंसले नाहींत.

तेव्हां, श्रोतेहो, पुन्हां अंधेरीस सामना असेल आणि घरांतल्या मुलांनीं आग्रह केला, तर अवश्य जा. घाटकोपर, मुलुंडच्या मंडळींना मेट्रोमुळें आतां तें अवघड राहिलेलें नाहीं. जागा घेतांना शक्य असेल तर वरची ओळ मागा. अगदीं खालून फळी दिसत नाहीं, नुसते पाय दिसतात. पहिलीं दहा मिनिटें चेंडूच्या पाठीमागें डोळे धांवडवूं नका. आपल्या दोन मधल्या बॅकांच्या पुढें कोण उभा आहे तो हेरून ठेवा, आणि त्याच्या पायाशीं चेंडू आला कीं पुढचे किती जण पळूं लागतात तेवढे मोजा. तीन किंवा चार असले तर त्या दिवशीं निकाल कांहींहि लागो, निश्चिंत मनानें भेळ खा. एकच पळत असेल आणि बाकीचे उभे राहून हात पसरीत असतील, तर सेंटर फॉरवर्डाला शिव्या देऊं नका. तो बिचारा चेंडूची वाट पाहत उभा आहे.